झीरो टिकत नाही तेव्हा: रायफलवरील स्कोपची बसवणी आणि तपासणी

मागच्या रविवारी ५० मीटरवर नीट बसवलेला झीरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी येण्याची जुळणी, या रविवारी दोन सेंटिमीटर डावीकडे सापडतो. स्कोपच्या नॉबचे क्लिक फिरवून तो पुन्हा मध्यावर आणला जातो आणि पुढच्या खेपेस गोळ्या भलतीकडेच लागतात. स्कोप, म्हणजे दुर्बीण, लावून .२२ रायफलने नेमबाजी करणाऱ्या मुंबईतील नेमबाजांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिच्यावर काढला जाणारा पहिला निष्कर्ष बहुधा ‘स्कोप खराब निघाला’ हाच असतो. तो अधूनमधून खराही ठरतो. परंतु त्याआधी काडतुसे, स्टॉक (रायफलचा दस्ता), बेस (रायफलवर बसणारा पाया) आणि रिंगा (स्कोपची नळी धरणारी कडी) या चार जागा तपासून झालेल्या असाव्यात. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो आणि तो तसाच ठेवून कितीही महागडा नवा स्कोप बसवला तरी झीरो पूर्वीसारखाच भटकत राहतो.

आपल्याकडे हा घोळ अधिक होण्याचे एक कारण आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही, त्यामुळे वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर काय किंवा पुण्याला बालेवाडीत काय, प्रशिक्षणाचा भर पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरण्याच्या साइटवर) राहणे साहजिक आहे. तिथून पुढे २०० मीटर आणि त्यापलीकडच्या टार्गेटकडे वळलेल्या नेमबाजाचा श्वास, ट्रिगर आणि पोझिशन तयार असते, पण रिंगेचा स्क्रू किती आवळावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. याच पार्श्वभूमीचा एक फायदाही आहे आणि तो फारसा कोणी घेत नाही: पीप साइट पेटीत पडलेली असते. स्कोप उतरवून त्याच काडतुसांनी पीप साइटवर दोन-तीन ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके) मारावेत. ते दोन वेगवेगळ्या दिवशी एकाच जागी पडले, तर बॅरल, स्टॉक आणि काडतुसे निर्दोष आहेत आणि दोष रिसीव्हरच्या (बॅरलमागच्या, बोल्ट बसणाऱ्या भागाच्या) वर कुठेतरी आहे, एवढे निश्चित होते. ते पीप साइटवरही सरकले, तर स्कोपच्या स्क्रूंना हात लावण्यात अर्थ नाही.

टार्गेट काय सांगते

क्लिक फिरवण्यापूर्वी टार्गेट नीट वाचावे. ग्रुप गोल आणि घट्ट आहे पण दर सरावाला वेगळ्या जागी पडतो, असे असेल तर दोन सरावांच्या मध्ये काहीतरी हलले आहे: माउंट (बेस आणि रिंगा मिळून), स्टॉक, काडतुसांचा लॉट, किंवा गालाची स्टॉकवरील जागा. एकाच मालिकेत दोन स्पष्ट वेगळे पुंजके पडत असतील, तर एखादा भाग दोन जागांमध्ये उडी मारतो आहे. हे लक्षण सैल बेसचे किंवा स्कोपच्या आतल्या यंत्रणेचे असते. गोळ्या उभ्या रेषेत पसरत असतील, तर दोष बहुधा स्कोपमध्ये नसून काडतुसांच्या वेगातील फरकात, श्वासात किंवा सॅंडबॅगवर रायफल ठेवण्याच्या पद्धतीत असतो. आडव्या पसरणीत वाऱ्याचा वाटा मोठा असतो. सकाळच्या शांत हवेत घेतलेला झीरो दुपारी समुद्रावरून वारे सुटल्यावर तपासला, तर तो सरकलेला दिसणारच.

काडतुसांचा लॉट ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि म्हणूनच ती सुटते. खोक्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो. तो वहीत झीरोच्या नोंदीशेजारी लिहावा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही ग्रुपची जागा बदलू शकते, आणि वंगण वेगळे असल्यास नव्या काडतुसांच्या पहिल्या काही गोळ्या बॅरल स्थिरावेपर्यंत इकडेतिकडे जातात. त्या गोळ्यांवरून झीरो बदलणे म्हणजे पुढच्या गोंधळाची तयारी होय.

हवेवर मात्र नको तेवढा दोष ढकलला जातो. मुंबईहून पुण्याला, म्हणजे समुद्रसपाटीवरून सुमारे ५६० मीटर उंचीवर गेल्यावर हवेची घनता अंदाजे पाच टक्क्यांनी कमी होते हे खरे. परंतु ५० मीटर अंतरावर त्या फरकाने गोळीची जागा डोळ्यांना जाणवेल इतकी बदलत नाही. घाट चढल्यावर ५० मीटरचा झीरो दोन सेंटिमीटर हलला असेल, तर उंचीपेक्षा गाडीच्या डिकीत बसलेल्या हादऱ्यांकडे आधी पाहावे.

बेस आणि रिंगा

येथे किती थोड्या हालचालीने किती बिघडते, याचा हिशेब एकदा करून ठेवलेला बरा. दोन रिंगांमधील अंतर १०० मिमी धरले आणि त्यातील एक टोक फक्त ०.०५ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मे, सरकले, तर स्कोपची दिशा ०.५ मिलने (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) बदलते. ५० मीटरवर हा फरक २५ मिमी आणि १०० मीटरवर ५० मिमी होतो. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. तेव्हा ठीक मध्यावर लागणारी गोळी एवढ्याशा हालचालीने सातमध्ये जाऊन पडते. हाताने हलवून ‘घट्टच आहे की’ असे म्हणणे या मापापुढे निरुपयोगी ठरते.

तपासणीपूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, बोल्ट काढून बाजूला ठेवावा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घालावा आणि काडतुसे त्या टेबलावर ठेवू नयेत.

प्रथम माउंट आणि रेल (रायफलवरची माउंट धरणारी पट्टी) एकमेकांचे आहेत का ते पाहावे. अन्शुट्झसारख्या .२२ मॅच रायफलींच्या रिसीव्हरवर ११ मिमीची डव्हटेल (तिरप्या कडांची) खाच असते, तर बाजारात ९.५ मिमीच्या खाचेसाठी केलेले माउंटही त्याच नावाने मिळतात. ९.५ मिमीचा जबडा ११ मिमीवर कसाबसा चढतो, कडेवर टेकतो आणि आवळल्यावर घट्ट भासतो. काही काळाने तो सरकतो. पिकाटिनी रेलची (ठरावीक मापाच्या आडव्या खाचा असलेल्या पट्टीची) आडवी खाच ५.२३ मिमी रुंद असते आणि वीव्हर पद्धतीच्या माउंटचा आडवा बोल्ट त्याहून अरुंद खाचेसाठी केलेला असल्याने तो पिकाटिनीत बसतो खरा, परंतु मागेपुढे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक जागा मोकळी राहते. म्हणून माउंट रेलवर ठेवल्यावर तो बॅरलच्या तोंडाच्या दिशेने पुढे ढकलून, बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असतानाच आवळावा. रायफल धक्क्याने मागे येते तेव्हा स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या मानाने पुढे जातो. तो आधीच भिंतीला टेकलेला असला की सरकायला जागा उरत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये याच्या उलट प्रकार घडतो: पिस्टन पुढे आपटल्यावर स्कोप मागे सरकू लागतो, म्हणून तिच्या माउंटला मागून अडवणारी पिन लागते आणि स्कोपही एअर रायफलसाठी केलेलाच घ्यावा लागतो.

बेस स्क्रूने रिसीव्हरवर बसवलेला असेल, तर ते स्क्रू एकेक करून बाहेर काढून पाहावेत. येथे एक फसवा दोष असतो. स्क्रू भोकाच्या खोलीपेक्षा लांब असेल, तर तो बेस दाबण्याआधीच भोकाच्या तळाला किंवा बॅरलच्या आट्यांना टेकतो. पाना अडतो, स्क्रू पूर्ण आवळल्यासारखा वाटतो, आणि बेस मात्र मोकळाच असतो. रिंगा नसताना बेस बसवून फक्त एक स्क्रू आवळावा आणि दुसऱ्या टोकाला बेस व रिसीव्हर यांच्यात फीलर गेजचे, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाचे, पाते जाते का ते पाहावे. पाते जात असेल, तर बेसचा तळ आणि रिसीव्हरची पाठ जुळत नाहीत. तसाच आवळलेला बेस वाकतो आणि तो वाक रिंगांमार्फत स्कोपच्या नळीत उतरतो. हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे द्यावे, घरी कानशीने घासू नये.

स्क्रू आणि भोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावीत. बेसच्या स्क्रूंना निळ्या, म्हणजे मध्यम ताकदीच्या, लॉकटाइटचा (स्क्रू जागी धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक बारीक थेंब पुरतो आणि तो पूर्ण धरायला २४ तास द्यावेत. लाल प्रकार उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तो येथे वापरू नये. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना मी काहीही लावत नाही. त्यांना तेल किंवा लॉकटाइट लागले की आटे घसरडे होतात आणि टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) तोच आकडा नळीवर अपेक्षेपेक्षा बराच जास्त दाब देतो.

आवळण्याचे आकडे माउंटच्या निर्मात्याने दिलेले असतात आणि तेच प्रमाण मानावेत. सोबत कागद आला नसेल, तर रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण पल्ला आहे; पिकाटिनीवरील आडव्या बोल्टला त्याहून बराच अधिक, बहुधा ५ ते ७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इतक्या लहान पल्ल्याचा टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर हवा. मोटारसायकलच्या कामाचा टॉर्क पाना एवढ्या खालच्या आकड्यावर विश्वासार्ह नसतो. नागदेवी स्ट्रीटवर अवजारांच्या दुकानांत चौकशी केल्यास तो आणि फीलर गेजचा संच दोन्ही मिळू शकतात, आणि दुसऱ्या स्कोपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. ऍलन पान्याची लांब बाजू धरून ‘अंदाजाने’ आवळणाऱ्याच्या हातून नळी चेपली जाते, आणि त्याचे पहिले लक्षण म्हणजे पॅरॅलॅक्सची (अंतराप्रमाणे प्रतिमा जुळवणारी) किंवा मॅग्निफिकेशनची (प्रतिमा लहान-मोठी करणारी) रिंग अचानक जड फिरू लागणे. तसे झाल्यास स्क्रू सैल करून रिंग पुन्हा हलकी फिरते का ते ताबडतोब पाहावे.

सर्व स्क्रू आवळून झाल्यावर रिंग आणि नळी, तसेच माउंट आणि रेल यांच्या सांध्यांवर रंगाच्या पेनाने बारीक आडवी रेघ ओढावी. नेलपॉलिशही चालते. पुढच्या वेळी झीरो हलला की या रेघांकडे पाहायचे: रेघ तुटलेली दिसली, तर नेमका कोणता सांधा सरकला ते समोरच असते, आणि सगळ्या रेघा अखंड असतील तर संशय आतल्या यंत्रणेकडे वळवायला आधार मिळतो.

दूरच्या टार्गेटवरच गोळी बाजूला जात असेल तर

५० मीटरवर गोळी मध्यावर लागते, पण २०० मीटरसाठी क्लिक चढवले की ती सतत एकाच बाजूला जाते, हा दुसरा नेहमीचा प्रश्न आहे आणि तो सैल स्क्रूचा नसतो. वारा नसतानाही असे होत असेल, तर रेटिकलची (स्कोपमधून दिसणाऱ्या नेमखुणेची) उभी रेघ खरोखर उभी नाही. .२२ सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या) काडतुसाला ५० मीटरच्या झीरोवरून २०० मीटरला जाण्यासाठी बरेच क्लिक चढवावे लागतात; हिशेबासाठी १० मिल धरू. स्कोप रिंगांमध्ये फक्त ३ अंश तिरपा बसला असेल, तर त्या १० मिलपैकी सुमारे अर्धा मिल आडव्या दिशेने वाया जातो आणि २०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटरहून थोडी अधिक बाजूला पडते. ५० मीटरवर काहीच चढवलेले नसल्याने तिथे हा दोष लपून राहतो, आणि नेमबाज २०० मीटरवर आडव्या क्लिकने ‘दुरुस्ती’ करून ५० मीटरचा झीरोही घालवून बसतो.

स्कोप सरळ बसवताना बहुतेक जण रेलवर एक छोटी पाणसळ आणि टरेटच्या (क्लिक फिरवण्याच्या नॉबच्या) टोपीवर दुसरी ठेवून दोन्हींचे बुडबुडे जुळवतात. टोपीचा माथा रेटिकलशी काटकोनात असेलच याची हमी नसते, त्यामुळे ही रीत मला पुरेशी वाटत नाही. गवंड्याचा ओळंबा अधिक खरा. समोरच्या भिंतीशी ओळंबा सोडावा, तो स्थिर झाल्यावर स्कोपमधून पाहत रेटिकलची उभी रेघ दोरीवर तंतोतंत बसवावी आणि मगच रिंगांचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने, प्रत्येक वेळी पाव फेऱ्याहून कमी, आवळत जावेत. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एकाच बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले, तर रिंगेचा वरचा भाग नळीला आपल्यासोबत फिरवतो. म्हणून सर्व आवळून झाल्यावर ओळंब्याकडे पुन्हा एकदा पाहणे अनिवार्य आहे.

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो: रायफल खांद्याला थोडी कलती धरण्याची सवय असेल, तर रेटिकल रायफलशी जुळवावे की ओळंब्याशी? उत्तर निःसंशय ओळंब्याशी असे आहे. स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून ५० मिमी उंच आहे आणि रायफल ३ अंश कलती धरली आहे असे समजा. रेटिकल ओळंब्यात असेल, तर स्कोप बॅरलच्या बाजूला फक्त २.६ मिमी सरकतो आणि ५० मीटरवर झीरो केल्यास २०० मीटरवरचा फरक सुमारे ८ मिमी राहतो. तेवढ्याच कोनातून रेटिकल तिरपे असेल, तर तो १०० मिमीच्या वर जातो. गुरुत्वाकर्षण रायफल कशी धरली आहे ते पाहत नाही. स्कोपच्या नळीवर लावण्याची पाणसळ घ्यायची असेल, तर तीही रेटिकल ओळंब्यात असतानाच जुळवून आवळावी.

क्लिक चढवताना मर्यादा लवकर संपत असेल, तर कललेल्या रेलची दिशा तपासावी. २० एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) रेलचा उतार पुढे असतो, म्हणजे मागचे टोक उंच. ती उलटी बसली, तर ५.८ मिल मिळण्याऐवजी तेवढेच वजा होतात आणि झीरोच कसाबसा सापडतो. आडव्या टरेटचा जवळजवळ सगळा प्रवास एका बाजूला खर्च करूनच झीरो मिळत असेल, तर बेस वाकडा आहे. टोकाशी गेलेल्या यंत्रणेच्या स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि झीरो न टिकण्याचे ते स्वतंत्र कारण बनते.

पॅरॅलॅक्सबद्दल थोडक्यात: रायफल सॅंडबॅगवर स्थिर ठेवून डोके किंचित वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावे. रेटिकल टार्गेटवर सरकताना दिसले, तर पॅरॅलॅक्स त्या अंतरासाठी जुळलेला नाही. बाजूच्या नॉबवर छापलेल्या अंतरावर विसंबू नये, डोळ्यांनी ठरवावे.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांहून अधिक आर्द्र असते आणि किनाऱ्यालगत तिच्यात मीठही असते. लाकडी स्टॉक ओलावा घेऊन फुगतो, बॅरलला कुठेतरी टेकतो आणि झीरो सरकतो. बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवत नेऊन ती कुठे अडते का, ते पाहावे. पावसाळ्यापूर्वी सरकणारी पट्टी आता अडत असेल, तर कारण सापडले. ऍक्शनचे (रिसीव्हर स्टॉकला धरून ठेवणारे) स्क्रूही याच वेळी टॉर्कने तपासावेत. गंजलेल्या स्क्रूवरचा आकडा मात्र खोटा असतो, कारण पाना अडतो तो गंजाच्या घर्षणामुळे, दाबामुळे नव्हे. ऍल्युमिनियमच्या रिंगेत पोलादी स्क्रू बसलेला असेल, तर खाऱ्या हवेत तो सांधा विशेष लवकर खराब होतो. गंजलेला स्क्रू पुन्हा आवळण्यापेक्षा बदलावा. फोमची पेटी ओलावा धरून ठेवते, तेव्हा घरी आल्यावर रायफल पुसून, पेटी उघडी ठेवून फोम वाळू द्यावा आणि मगच सिलिका जेल टाकून बंद करावी. वातानुकूलित गाडीतून बाहेर काढल्यावर काचेवर बाहेरून धुके येणे स्वाभाविक आहे आणि ते आपोआप जाते. ते आतल्या बाजूने दिसले, तर सील निकामी होऊन आतला कोरडा वायू निघून गेला आहे आणि घरी त्यावर उपाय नाही.

स्कोपचीच परीक्षा

इथवर सगळे ठीक निघाले, तरच स्कोपवर संशय घ्यावा. लांब रेंज मुंबईत सहज मिळत नाही, पण ही परीक्षा गोळी न झाडताही होते. स्कोप रायफलवरून उतरवून, रेलचा एक सुटा तुकडा बाकावरच्या शिकंज्यात धरून त्यावर रिंगांसह बसवावा. रायफल घराबाहेर काढण्याची गरज नाही आणि शेजाऱ्यांना घाबरवण्याचीही नाही. इमारतीच्या लांब व्हरांड्यात किंवा गच्चीवर २५ मीटर अंतर पोलादी टेपने मोजून भिंतीवर ओळंब्याशेजारी मिलिमीटरची पट्टी उभी चिकटवावी. २५ मीटरवर १० मिल म्हणजे बरोबर २५० मिमी. स्कोपचा पॅरॅलॅक्स एवढ्या जवळ जुळत नसेल, तर हे वाचन फसवे येते. मग तीच परीक्षा जुळेल तेवढ्या अंतरावर त्या प्रमाणात करावी. अंतर मीटरमध्येच मोजावे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, त्या अंतरावर १० मिल ९१४ मिमी भरतात आणि मीटर समजून मोजणाऱ्याला चांगला स्कोप साडेआठ टक्क्यांनी चुकीचा दिसतो.

रेटिकल पट्टीच्या एका खुणेवर आणून टरेट १० मिल फिरवावा, आकडा लिहावा, परत शून्यावर यावे आणि रेटिकल मूळ खुणेवर आले का ते पाहावे. हे काही वेळा करावे, आणि टरेट फिरवताना रेटिकल ओळंब्याला धरून सरकते का याकडेही लक्ष ठेवावे. प्रत्येक वेळी २४५ मिमीच येत असतील, तर स्कोप दोन टक्के कमी चालतो. २०० मीटरवर १० मिल चढवल्यास त्याने सुमारे ४० मिमीचा फरक पडतो, पण तो कायमचा असल्याने बॅलिस्टिक (गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या) ऍपमध्ये किंवा वहीतील तक्त्यात सुधारता येतो, आणि असा स्कोप मी टाकून देणार नाही. दर वेळी वेगळा आकडा येत असेल किंवा शून्यावर परतताना रेटिकल मूळ खुणेवर येत नसेल, तर तक्त्यातल्या सुधारणेने काही साधत नाही.

असा स्कोप विक्रेत्याकडे पाठवताना नुसते ‘झीरो टिकत नाही’ लिहू नये. त्या तक्रारीला माउंट तपासा एवढेच उत्तर येते. मोजलेले अंतर, प्रत्येक फेरीतील वाचन, परत येताना राहिलेला फरक, वापरलेल्या रिंगांचा प्रकार आणि टॉर्कचा आकडा लिहून द्यावा, पट्टीसह छायाचित्रे जोडावीत आणि नळीवर रिंगांचे वळ उमटले असतील तर तेही आधीच नमूद करावे, कारण चेपलेली नळी दिसल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि तो वाद पार्सल पोहोचण्यापूर्वीच मिटलेला बरा. स्कोप परत आल्यावर तीच पट्टी, तेच अंतर आणि तोच शिकंजा वापरून परीक्षा पुन्हा घ्यावी. तो रायफलवर त्यानंतरच चढवावा.